ग्राहकापासून सांभाळा

अभिनंदन! नोकरीचा राजीनामा दिलात, लिंक्डइनवर नावापुढे ‘फाउंडर’ लावलंत, म्हणजे निम्मं काम झालंच. उरलेलं निम्मं काम आहे ग्राहकापासून कंपनी वाचवण्याचं. स्टार्टअप बुडतात ते स्पर्धेमुळे, पैसे संपल्यामुळे, फाउंडरांच्या भांडणांमुळे, असं लोक सांगत असतात. तुम्ही रोगाच्या मुळाशी जा. बंद खोलीत सगळं कसं झकास चाललेलं असतं. फळ्यावर बाण, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि जो तो मान डोलावतोय. एवढ्यात कुठून तरी एक ग्राहक उगवतो आणि विचारतो, “पण हे मला कशाला हवंय?” या एका प्रश्नानं कितीतरी होतकरू कल्पना बाळसं धरायच्या आत दगावल्या आहेत. तुमची दगावू नये म्हणून हा प्रपंच.

सुरुवात गुप्ततेनं करा. कल्पना कुणाला सांगायचीच नाही. अगदी नाइलाज झाला तर समोरच्याकडून आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. तो सही करायला कंटाळून निघून गेला तर उत्तमच, कल्पना वाचली. आणि मत विचारायचंच असेल, तर माणसं आणि प्रश्न दोन्ही पारखून घ्या. माणसं घरची. प्रश्न असा: “असं एखादं ॲप आलं तर वापरशील ना?” मावशी “हो” म्हणणार, मेहुणा “भारी आहे” म्हणणार, झालं तुमचं मार्केट रिसर्च. मात्र “ही अडचण तुम्हाला शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? त्यासाठी किती पैसे मोजलेत?” हे प्रश्न चुकूनही तोंडातून काढू नका. त्यांना खरी उत्तरं असतात. ती बहुधा ‘आठवत नाही’, ‘काही नाही’ आणि ‘एक पैसाही नाही’ अशी असतात. पुढच्या वर्षी काय वापरू हे सांगताना माणूस कर्णाचा अवतार असतो. मागच्या मंगळवारी काय वापरलं हे सांगताना मात्र तो एकदम हिशेबी होतो.

आता यशोगाथा वाचायला घ्या, पण कशा वाचायच्या ते समजून घ्या. बिल गेट्स आणि मार्क झुकेरबर्ग यांनी हार्वर्ड अर्धवट सोडलं, एवढं ठळक शाईनं वहीत उतरवा. शिक्षण अर्धवट सोडून पुढे काहीच न झालेल्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही, तेव्हा तो गट अस्तित्वातच नाही असं समजायला हरकत नाही. अमेरिकेत सर्वांत वेगानं वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांचा अभ्यास तिथल्या जनगणना विभागाच्या नोंदींवरून झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनी सुरू करताना त्या फाउंडरांचं सरासरी वय निघालं ४५. पंचेचाळीस! म्हणजे ज्यानं त्या धंद्यात वीस वर्षं घासली, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या, नेमकं कुठे दुखतं ते पाहिलं, असा माणूस. त्याचा फोटो हुडी घालून चांगला येत नाही. पान उलटा.

उलटण्यासारखी पानं पुष्कळ आहेत. लोकांची घरं पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटच्या फाउंडरांनी २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत उमेदवारांच्या नावांची सीरिअलची खोकी ४० डॉलरला एक अशी विकून सुमारे ३० हजार डॉलर उभे केले, हा किस्सा जरूर सांगा; टाळ्या मिळतात. पण पुढच्याच वर्षी ही मंडळी न्यूयॉर्कला गेली, ज्यांची घरं साइटवर होती त्यांच्या दारात उभी राहिली आणि अंधारे, वाकडे फोटो काढून टाकून चांगले फोटो स्वतः काढत बसली. हा भाग गाळा. ऑनलाइन जोडे विकणाऱ्या झॅपोसची सुरुवात १९९९ मध्ये अशी झाली की फाउंडरनं दुकानांतल्या जोड्यांचे फोटो काढून साइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानात जाऊन तो जोडा पूर्ण किमतीला विकत घ्यायचा आणि पाठवायचा. ना गोदाम, ना माल. लोक न घालून पाहता जोडे विकत घेतात का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय पुरवणाऱ्या स्ट्राइपचे फाउंडर भाऊ तर आणखी पुढचे. कुणी “वापरून बघेन कधीतरी” म्हणालं की “लिंक पाठवतो” म्हणायची रीत असते. हे म्हणायचे, “द्या तो लॅपटॉप इकडे,” आणि जागच्या जागी ती सोय जोडून द्यायचे. काय हा उतावीळपणा! समोरच्याला नाही म्हणायची किंवा विसरून जायची सोयच नाही ठेवली. तुम्ही लिंक पाठवा.

ग्राहकाला कायमचं दूर ठेवायचं असेल तर मात्र भरपूर पैशासारखा भक्कम तट दुसरा नाही. त्यासाठी पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, लागतील. त्यात एका पानावर लिहा: बाजारपेठ ५०० अब्ज डॉलर, आम्हाला फक्त १ टक्का हवा. ‘फक्त’ हा शब्द विनयशील दिसतो आणि त्या १ टक्क्यातला पहिला माणूस कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. मग आलेख. पहिल्या महिन्यात तुमच्या ॲपवर १,००० जणांनी नोंदणी केली, दुसऱ्यात ५००, तिसऱ्यात २००, चौथ्यात ९०. नवशिका हे आकडे असेच मांडतो आणि उताराला लागलेली रेघ बघून सगळ्यांचे चेहरे पडतात. तुम्ही ‘एकूण नोंदणी’ दाखवा: १,०००, १,५००, १,७००, १,७९०. रेघ वरच चालली आहे! एकूण नोंदणी कधी कमी होऊच शकत नाही. ॲप काढून टाकलेला, पासवर्ड विसरलेला, कीर्तीरूपाने उरलेला, सगळे त्यात सुखानं नांदतात. उभ्या अक्षावरचे आकडे खोडले की काम आणखी सुबक होतं. किती जण दुसऱ्या महिन्यात परत आले, हा आकडा कुणी विचारलाच तर “तो डॅशबोर्डवर घेतोय” म्हणा.

पैसा आला की तो खर्च करण्यात कुचराई नको. समजा, १०० ला पडणारी वस्तू तुम्ही ८० ला विकताय, पोचवायला १५ जातात आणि ते गिऱ्हाईक जाहिरातीनं ओढून आणायला ४०. म्हणजे पहिल्या ऑर्डरला ७५ चा खड्डा. घाबरू नका; ऑर्डर वाढवत न्या, खड्डा आपोआप तलाव होतो. पाळीव प्राण्यांचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमनं माल खरेदीपेक्षा कमी भावात विकला, अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्यात मोज्याच्या बाहुल्याची महागडी जाहिरात केली, फेब्रुवारी २००० मध्ये शेअर बाजारात उतरली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दुकान बंद केलं. बाहुला मात्र अजून लोकांच्या लक्षात आहे. याला म्हणतात ब्रँड. वेबव्हॅन ही घरपोच किराणा पोचवणारी कंपनी. १९९९ मध्ये पहिल्या भागात सेवा जेमतेम सुरू झाली होती, तोच तिनं बेक्टेल या बांधकाम कंपनीला सुमारे १ अब्ज डॉलरची यांत्रिक गोदामं बांधायचं काम दिलं. एका शहरात नफा होतो का ते बघत बसायला वेळ कुणाला होता? जुलै २००१ मध्ये दिवाळं निघालं, तेव्हा वेळच वेळ मिळाला.

पण या विद्येतला माझा सर्वांत आवडता नमुना ज्यूसेरो. सुमारे १२ कोटी डॉलरची गुंतवणूक, वाय-फायनं इंटरनेटला जोडलेलं रस काढायचं यंत्र, किंमत ६९९ डॉलर, पुढे कमी करून ३९९. चिरलेल्या फळाभाज्यांची पिशवी कंपनीचीच घ्यायची. यंत्र त्या पिशवीवरचा कोड वाचणार, मुदत संपली असेल तर रस काढायला साफ नकार देणार, नाहीतर काही टनांचा दाब देऊन पेलाभर रस काढणार. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी ती पिशवी सरळ हातांनी पिळली. पेला भरला, तोही जवळजवळ तेवढ्याच वेळात. सप्टेंबरात कंपनी गुंडाळली. इतके अभियंते, इतके गुंतवणूकदार, आणि पिशवी दाबून बघायचं कुणाच्या मनात आलं असेलही. बैठकीत बोलला नसेल. असं वातावरण कंपनीत निर्माण करणं हीच तर नेतृत्वाची कसोटी.

क्विबी या व्हिडिओ सेवेचं नाव न घेणं अन्याय होईल. १.७५ अब्ज डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सेवा सुरू केली आणि ऑक्टोबरात ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. दहा मिनिटांच्या आतले कार्यक्रम, तेही फक्त फोनवर. सुरुवातीला टीव्हीवर बघायची सोय नाही आणि स्क्रीनशॉट काढून मित्राला पाठवायचीही नाही. आवडलं तरी दुसऱ्याला कळू द्यायचं नाही! ग्राहकाला इतकं काटेकोरपणे लांब ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

तोटा लपेनासा झाला तर हिशेबाची व्याख्या बदला. ऑफिसची जागा भाड्यानं देणाऱ्या वुईवर्कनं २०१८ मध्ये ‘कम्युनिटी ॲडजस्टेड एबिटडा’ नावाचा नफ्याचा आकडा काढला. त्यात व्याज, कर, घसारा तर धरायचा नाहीच, शिवाय जाहिरात, प्रशासन, डिझाइन वगैरे खर्चही बाजूला ठेवायचा. खर्च वगळला की धंदा फायद्यात येतो हे सत्य तोवर कुणाला दिसलं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीची किंमत ४७ अब्ज डॉलर लावली गेली. शेअर विक्रीचा बेत त्याच सप्टेंबरात मागे घ्यावा लागला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज गेला. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. फक्त इथे तुरी ४७ अब्जांच्या होत्या.

एवढं करूनही गाडं अडलं तर पिव्होट करा, म्हणजे धंद्याची दिशाच बदला. यूट्यूब २००५ मध्ये जोडीदार शोधायच्या व्हिडिओंसाठी निघालं होतं. ऑफिसातल्या संवादाचं ॲप स्लॅक हे ग्लिच नावाच्या बुडालेल्या गेमच्या चमूनं आपापसांत बोलण्यासाठी केलेलं साधन. इन्स्टाग्रामचं आधीचं रूप बर्बन; त्यात ढीगभर सोयी होत्या आणि लोक वापरत होते ती फोटोची. उरलेल्या कापून टाकल्या, आणि २०१२ मध्ये फेसबुकनं १ अब्ज डॉलर देऊ केले तेव्हा तिथे १३ माणसं कामाला होती. ही मंडळी लोक काय वापरतात ते बघून वळली, हे त्यांचं दुर्दैव. तुम्ही बातम्या बघून वळा. आधी ब्लॉकचेन, पुढे मेटाव्हर्स, आता एआय. डिसेंबर २०१७ मध्ये लाँग आयलंड आइस्ड टी या चहा विकणाऱ्या कंपनीनं नाव बदलून लाँग ब्लॉकचेन केलं आणि त्या दिवशी शेअरचा भाव जवळपास तिप्पट झाला. चहा होता तोच होता. पुढे नॅसडॅक या शेअर बाजारानं तिला यादीतून काढलं, पण तो दिवस तर गाजला!

शेवटी कंपनी विकली जाईल. त्यासाठी एक सांगून ठेवतो: टर्म शीटमधलं, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातलं, ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ हे कलम वाचू नका, रस जातो. समजा, गुंतवणूकदारांनी ६ कोटी डॉलर घातले आणि कंपनी ६ कोटीलाच विकली गेली. तुमचा हिस्सा ३५ टक्के, म्हणजे २ कोटी १० लाख, असा हिशेब तुम्ही मनात केलेला असतो. त्या कलमानुसार आधी त्यांचे ६ कोटी परत, उरलं तर वाटणी. उरले शून्य. त्यातले ३५ टक्के तुमचे, त्याला कुणी हात लावणार नाही. बातमीत मात्र ‘६ कोटी डॉलरना विक्री’ असंच छापून येईल, तेव्हा नातेवाईक उसने मागायला येतील. तयारी ठेवा.

मग ग्राहकांना एक हृद्य पत्र लिहा. ‘हा प्रवास अविस्मरणीय होता’ असं वर, आणि ‘३० दिवसांत आपला डेटा उतरवून घ्या’ असं अगदी तळाला. यावर काही उत्तरं येतील. कुणीतरी लिहील की तुमच्या ॲपमधली ती एकच छोटी सोय मी रोज वापरत होतो, तेवढ्यासाठी पैसे द्यायला तयार होतो, दोनदा मेलही केला होता. शोधलंत तर ते दोन्ही मेल सपोर्टच्या फोल्डरमध्ये न वाचलेले सापडतील. पण शोधायला वेळ कुठे? संध्याकाळी नव्या फाउंडरांपुढे तुमचं व्याख्यान आहे, विषय ‘ग्राहक हाच केंद्रबिंदू’, आणि स्लाइड अजून व्हायच्या आहेत.