स्वतःच्याच काँप्युटरात मुंडकार कसं व्हावं

विकत घेतलेल्या विंडोजचा परवाना घालवायची सोपी वाट म्हणजे मदरबोर्ड, काँप्युटरमधला मुख्य बोर्ड, जाळणं. जाळायचाच असेल तर मुहूर्त बघून जाळा. मिरगाचा पहिला गडगडाट चालतो, पण धंद्याच्या माणसाने जीएसटीकडे बघून ठरवावं. त्याचं 3बी हे मासिक विवरण भरायची नेहमीची शेवटची तारीख 20, म्हणून 19 ची संध्याकाळ उत्तम. वीज दोनदा जाते, तिसऱ्यांदा येते ती दात ओठ खात येते. यूपीएस असतो, पण त्याची बॅटरी गेल्या चतुर्थीपासून नुसती टेबलाखालची जागा अडवून बसलेली. समुद्राजवळ राहणाऱ्यांना तर विजेचीही गरज नाही. खारी हवा तेच काम फुकट करते, जरा सावकाश.

म्हापशाचा दुरुस्तीवाला बोर्ड हुंगून सांगेल, "पात्रांव, गेला." तुम्ही म्हणा, "बदल." एवढंच. परवान्याबद्दल अवाक्षर काढू नका. त्याने आपणहून विचारलं, "विंडोज ओरिजनल होतं?" तर दुखावल्यासारखा चेहरा करा. होतंच ओरिजनल. फक्त ते तुमच्या नावावर नव्हतं, बोर्डाच्या नावावर होतं.

तयार यंत्राबरोबर येतं ते ओईएम विंडोज. ते ज्या यंत्राबरोबर आलं त्याच्याशीच बांधलेलं असतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या लेखी यंत्र म्हणजे मदरबोर्ड. रॅम वाढवा, हार्डडिस्क बदला, सहसा कोणी हूं की चूं करत नाही. बोर्ड बदलला की तो नवा काँप्युटर, मग कॅबिनेट, मॉनिटर आणि कीबोर्डावरचा चहाचा डाग जुनाच असला तरी. पूर्वी परवान्याची 25 अक्षरांची किल्ली कॅबिनेटवरच्या स्टिकरवर असायची. 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या ती बोर्डावरच्या चिपमध्येच लिहून पाठवतात. तेव्हा जुना बोर्ड भंगारवाल्याला देताना घासाघीस करायला विसरू नका, परवानाही त्याच वजनात जातोय. आणि हो, बिघडलेला बोर्ड कंपनीनेच बदलून दिला तर परवाना चालू राहतो, म्हणून वॉरंटीचा कागद चुकूनही शोधू नका.

आपल्याकडे गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत मुंडकार घर करून राहतो. त्याला हुसकावता येऊ नये म्हणून 1975 चा मुंडकार कायदा आहे, मामलेदार आहे, रीतसर अर्ज करून घर विकत घ्यायचा हक्कसुद्धा आहे. तो बिचारा भाडंही न देता राहतो. तुम्ही मात्र सगळे पैसे रोख मोजून राहता, आणि बोर्डाचा उंबरठा बदलला म्हणून मायक्रोसॉफ्ट भाटकार विचारतो, आपण कोण? कुठल्या मामलेदाराकडे जाणार? जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर विंडोजचा रकाना नाही.

यातून सुटायची एक वाट 2016 पासून आहे. डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधी जोडून ठेवायचा. बोर्ड बदलल्यावर सेटिंग्जमध्ये जाऊन 'हार्डवेअर नुकतंच बदललं' असं कबूल करायचं, आणि नशीब व परवान्याचा प्रकार दोन्ही अनुकूल असतील तर काम होतं. ही वाट आधीच बुजवून ठेवा. खातं तुम्ही उघडूच नका, भाच्याला उघडू द्या. तो स्वतःचा ईमेल देईल, स्वतःचा मोबाइल नंबर देईल, आणि पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की पोर्तुगालला निघून जाईल. इथला नंबर बंद. ओटीपी कुठे जातो ते विचारू नका.

भाच्याची खरी किंमत पुढे कळते. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत, मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तुम्हाला न सांगता. नवा बोर्ड दिसला की निळा पडदा येतो आणि त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, 48 अंकी किल्ली मागतो. ती कुठे ठेवलेली असते? भाच्याच्या खात्यात. ती हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही परत काढून देता येत नाही. विंडोज पुन्हा विकत मिळेल, पण दहा वर्षांचे हिशेब आणि मुलीच्या बारशाचे फोटो कुठल्या दुकानात मिळत नाहीत. (खरं तर ती किल्ली आजच कागदावर छापून कपाटात ठेवता येते. पण अशाने या लेखाचा हेतू बारगळतो.)

आता बाकीचे भाटकार. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना नव्या यंत्रावर हवा असेल तर आधी जुन्या यंत्रावर सोडून द्यावा लागतो. जुनं यंत्र मेलेलं आहे, हे फोनवर सांगून पाहा. पलीकडून शांतपणे उत्तर येईल, "सर, एकदा जुनं सुरू करा." मयताची सही आणायची तालीम तुम्हाला असेलच.

काँप्युटरवर छपाईची मांडणी करणाऱ्या डीटीपीवाल्यांची मजा याहून मोठी. देवस्थानच्या जत्रेची पत्रिका, नाटकाचं पोस्टर, लग्नाची कार्डं, सगळं ज्या मराठी फाँटांत झालं ते एका डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या खुंटीवर, चालतं, आणि तो डोंगल प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टात बसतो. नव्या बोर्डावर तो पोर्ट नसतो. दुरुस्तीवाल्याने तसा कन्व्हर्टर दिला तर आनंदाने घ्या. त्यावर प्रिंटर चालेल, डोंगल बहुधा चालणार नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत, मजकूर उतरवायचं काम गेली कित्येक वर्षं 'जत्रा झाल्यावर' करायचं आहे, ते तसंच राहू द्या.

एवढ्यात कोपऱ्यात 'विंडोज अॅक्टिव्हेट करा' असं फिकट अक्षरांत उगवतं. घाबरू नका, यंत्र चालतं, फक्त वॉलपेपर बदलता येत नाही. मंगेशीचा फोटो लावायचा होता तो राहिला. हे सहन होत नसेल तर ऑनलाइन काही शे रुपयांत 'लाइफटाइम' किल्ली घ्या. ती बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेची सुटून आलेली असते, आणि संस्थेच्या लक्षात आलं की तिचं लाइफ संपतं. त्याहून स्वस्त म्हणजे क्रॅक. तो चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतात, तेव्हा करा. त्याच यंत्रात अशिलांचे पॅन आणि बँकेचे पासवर्ड आहेत याने काय बिघडतं? असा एक नेहमीचा क्रॅक काय करतो, तर तुमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसला किमान 25 काँप्युटरांची संस्था असल्याचं भासवतो. ती मान्यता 180 दिवसांची असते. तेवढे दिवस ऐटीत राहा, इतकी मोठी संस्था ताळगावात दुसरी नाही.

आणखी एक प्रकार असतो, रिटेल परवाना. एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर रीतसर नेता येतो, बोर्ड कितीही बदला. ओईएमपेक्षा महाग पडतो, बिल जपून ठेवावं लागतं, आणि तक्रार करायला काही शिल्लक ठेवत नाही. दुकानदाराने दाखवला तर "उद्या बघू" म्हणा.