हिटलरपुढे नि:शस्त्र लोक उभे राहिले होते

‘सत्याग्रह इंग्रजांपुढे चालला, कारण इंग्रज सभ्य होते. समोर हिटलर असता तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळ्या घातल्या असत्या. आणि शेवटी देश सैन्यानेच मुक्त होतात.’ दर ३० जानेवारीला हा मजकूर माझ्या फोनवर येतो, बहुतेक वेळा माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांकडून. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

सभ्यतेचं आधी. सोलापुरात १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार मेहतासह पाच मुलं गोळीबारात गेली. त्या पोरांच्या स्मारकापुढे उभं राहून ‘सभ्य’ हा शब्द उच्चारून पाहावा.

आता हिटलर. त्याच १९४२ साली नॉर्वेत काय चाललं होतं ते पाहा. जर्मन फौजा तिथे ९ एप्रिल १९४० ला शिरल्या होत्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी तिथल्याच नाझीधार्जिण्या पक्षाच्या पुढाऱ्याला, क्विसलिंगला, पंतप्रधानपदी बसवलं आणि त्याने पहिला घाला शाळेवर घातला. प्रत्येक शिक्षकाने नव्या सरकारी संघटनेत यायचं, आणि दहा ते अठरा वर्षांच्या मुलांनी नाझी धर्तीच्या युवक दलात. शिक्षकांनी मोर्चा काढला नाही. आपसातल्या गुप्त साखळीतून चार ओळींचा मजकूर हातोहात पोचवला: माझ्या सदसद्विवेकबुद्धीला हे पटत नाही, मी स्वतःला या संघटनेचा सदस्य मानत नाही. मग २० फेब्रुवारीच्या सुमारास हजारोंनी, म्हणजे देशातल्या बहुसंख्य शिक्षकांनी, हेच पत्र स्वतःच्या हाताने लिहून, खाली सही करून पाठवलं. निनावी पत्रक नव्हतं ते. त्यांची ताकद मला या सहीत दिसते. पाच जणांना उचलता येतं, पण हजारोंना उचललं तर शिकवायचं कोणी?

सरकारने इंधनटंचाईचं निमित्त करून शाळा बंद केल्या. घरी बसलेल्या मुलांच्या आईबापांनी लाखाहून जास्त निषेधपत्रं पाठवली. मार्चमध्ये सुमारे अकराशे शिक्षक पकडले गेले. त्यांना छावणीत उपाशी ठेवलं, बर्फाचिखलातून सरपटायला लावलं, माघार घ्या म्हणून धमकावलं. नमले ते थोडेच. मग पाचशेच्या आसपास शिक्षकांना एका बोटीत दाटीवाटीने कोंबून पार उत्तरेला, किर्केनेसला, जर्मन सैन्याची हमाली करायला धाडलं. मागे त्यांच्या बायकापोरांसाठी लोक गुपचूप वर्गणी गोळा करत होते. तुरुंगात गेलेल्याच्या घरची चूल पेटती राहिली नाही, तर बाहेरचे किती दिवस टिकतील? ‘पहिल्याच दिवशी संपलं असतं’ म्हणणाऱ्यांनी या वर्गणीचा विचार कधी केलेला नसतो.

गोळ्या घालून प्रश्न सुटला नसता, कारण क्विसलिंगला शिक्षक मेलेले नको होते, त्याच्या बाजूने शिकवणारे हवे होते. मे महिन्यात तो ओस्लोजवळच्या स्टाबेक्कच्या शाळेत जाऊन शिक्षकांवर ओरडला, ‘तुम्ही माझं सगळं उद्ध्वस्त केलंत!’ यावर मला जास्त काही जोडायचं नाही. नोव्हेंबरपर्यंत किर्केनेसचे शिक्षक घरी परतले होते. शाळा कधीच सुरू झाल्या होत्या, आणि ती संघटना कागदावरच राहिली.

‘नॉर्वेजियन म्हणजे नाझींच्या लेखी आर्य, म्हणून सोडलं,’ असं यावर कुणी म्हणेल. यात तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. अॅमस्टरडॅममध्ये ज्यू शेजाऱ्यांना पकडून नेलं म्हणून फेब्रुवारी १९४१ मध्ये कामगारांनी संप केला. तो दोन दिवसांत चिरडला गेला आणि पुढे हॉलंडमधल्या एक लाखाहून अधिक ज्यूंची हत्या झाली. गांधीजींनी १९३८ साली जर्मनीतल्या ज्यूंना जो सत्याग्रहाचा सल्ला दिला, त्याचंही समर्थन मला करता येत नाही. ज्याला तुमच्याकडून काही नकोच, तुम्ही मेलेलेच हवे आहात, त्याच्यापुढे असहकाराची धार बोथट होते. पण पोलंड पाहा. तिथल्या लोकांना नाझी गुलामाच्या लायकीचे समजत. विद्यापीठं बंद केली, क्राकोच्या प्राध्यापकांना नोव्हेंबर १९३९ मध्येच छावणीत धाडलं. तरी घराघरांत चोरून वर्ग भरत होते, परीक्षाही होत होत्या. आर्य म्हणून सवलत मिळण्याचा तिथे प्रश्नच नव्हता.

राहिला सैन्याचा मुद्दा. हो, किर्केनेस ऑक्टोबर १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने सोडवलं, आणि मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करल्यावर नॉर्वे मोकळा झाला. सत्याग्रहाने हिटलर हरला, असं मी म्हणत नाही. पण फौजा पोचायला पाच वर्षं लागली, आणि त्या पाच वर्षांत पहिलीतलं पोर सहावीत गेलं. त्या पोराला क्विसलिंगच्या युवक दलात ढकलणं कोणत्याही सैन्याने थांबवलं नाही. ते त्याच्या गुरुजींनी आणि आईबापांनी थांबवलं.