पुस्तकामागे दहा रुपये? त्या फिरत्या मेसेजला उत्तर

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘मुलांचा मोबाइल सोडवायचाय? प्रत्येक पुस्तकामागे दहा रुपये द्या. अमेरिकेत सिद्ध झालंय. एकवीस दिवसांत सवय लागते. सगळ्यात जास्त वाचणाऱ्याला ट्रॉफी द्या, बाकीची मुलं आपोआप वाचू लागतील.’ यंदा तो मला तीन ग्रुपांवरून आला. सोसायटीतलं मुलांचं छोटं वाचनालय मी चार वर्षं सांभाळते आहे, आणि पहिल्या वर्षी कोणी किती पुस्तकं वाचली याचा चढाओढीचा तक्ता मीच भिंतीवर लावला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय.’ मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि तो धडधडीत खोटा नाही. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर यांनी 2007 पासून काही शहरांतल्या शाळांमध्ये मुलांना खरोखर पैसे देऊन पाहिले. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना पुस्तकामागे दोन डॉलर मिळत. वाचून समजण्याची त्यांची क्षमता वाढली. मेसेज इथे थांबतो, पण प्रयोग पुढे आहे. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे दिले, तिथे काहीच फरक पडला नाही. म्हणजे ‘नव्वद टक्के आण, सायकल घेऊन देतो’ हा आपला घरोघरचा प्रयोग तिथे फसला. पुस्तक कसं वाचायचं हे मुलाला माहीत असतं. गुण कसे वाढवायचे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

डॅलसमध्येही नुसतं ‘वाचलं’ म्हणून पैसे नव्हते. पुस्तकावरची छोटी चाचणी संगणकावर द्यावी लागे, ती पास झाली तरच दोन डॉलर. मेसेजमध्ये ही अट गळून पडली आहे. पैसे बंद झाल्यावर वर्षभरात फायदा निम्म्यावर आला, तेही गळलं. आणि ज्या मुलांची परीक्षा स्पॅनिशमधून होत होती, त्यांचे गुण उलट घसरले. बक्षिसाच्या नादात इंग्रजी वाचन वाढलं आणि घरची भाषा मागे पडली असावी, असा एक अंदाज मांडला गेला. आपल्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आईबाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अट गाळली की काय होतं ते आमच्या तक्त्यावर दिसलं. पाचवीतल्या एका मुलाने दोन आठवड्यांत एकतीस पुस्तकं ‘संपवली’. सगळी बारा-सोळा पानी, चित्रांची, बालवाडीच्या कप्प्यातली. मी त्याला रागावले नाही, कारण मी पुस्तकं मोजत होते आणि तो मला पुस्तकं पुरवत होता. हिशेब त्याला माझ्यापेक्षा चांगला कळला होता.

‘एकवीस दिवसांत सवय.’ हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणावरून आला. बदललेलं नाक अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं म्हणणं. ‘निदान’ वाटेतच सांडलं. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या एका अभ्यासात सवय जडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला थेट 254. पुढे बोलण्यासारखं यात काही नाही.

‘ट्रॉफी द्या, बाकीची वाचू लागतील.’ माझा खरा राग या मुद्द्यावर आहे. मुलांना वाचता-लिहिता किती येतं याची पाहणी करणाऱ्या 2022 च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारी मुलं साधारण 43 टक्के होती. जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलासमोर चढाओढीचा तक्ता लावणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला शर्यतीत ढकलणं. ट्रॉफी त्यालाच मिळते जो तिच्याशिवायही वाचत होता. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात तक्त्यावरची अकरा नावं जागची हलली नव्हती, आणि चौथ्या आठवड्यात त्यातली बरीच मुलं यायची थांबली.

मग बक्षीस विषच का? तसंही नाही, तो दुसऱ्या टोकाचा मेसेज आहे, तोही फिरतो. त्यात 1973 चा स्टॅनफर्डचा प्रयोग असतो: चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस कबूल केलं, आणि नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढू लागली. खरं आहे. पण न सांगता, नंतर अचानक बक्षीस दिलेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती. शिवाय ही सगळी आधीपासून आवड असलेली मुलं होती. पुस्तकाला हातच न लावणाऱ्या मुलाची कुठली आवड मारणार? 2008 मध्ये तिसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं, की बक्षीस म्हणून पुस्तकच दिलं तर खेळण्यांसारख्या चिल्लर वस्तूंइतकी वाचनाची ओढ कमी होत नाही.

राहिला मोबाइल. तो सुटत नाही याचं एक साधं कारण म्हणजे तो हाताशी असतो आणि पुस्तक नसतं. मी पाहिलेल्या एका शाळेत पुस्तकं कुलुपात असतात. 15 ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिनाचा फोटो काढायला ती बाहेर येतात, आणि फोटो झाला की परत आत. दहा रुपयांनी ते कुलूप उघडत नाही. ज्यांच्याकडे पुस्तकं नाहीत त्यांना ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मोबाइल हातात आहेच, तर तो त्यासाठी वापरा.

आमचा तक्ता मी दुसऱ्या वर्षी काढला. आता पुस्तक परत आणणाऱ्याला दारातले आजोबा एकच प्रश्न विचारतात, ‘यातलं कोण तुला आवडलं नाही?’ चाचणी म्हणाल तर तेवढीच. आणि बक्षीसही एकच: नवं पुस्तक आलं की ते सगळ्यात आधी घरी न्यायची पाळी. त्यावरून पोरांची भांडणं होतात. ती मी मिटवत नाही.