चैत्रातल्या जत्रेत राणी दाखवणे

जिवंत मधमाश्या आणि मुंग्या जत्रेत दाखवायची कल्पना ज्याला सुचते, त्याने एकतर जत्रा पाहिलेली नसते किंवा माश्या. माशीला जे सोसत नाही (ऊन, ढोल) आणि जे सोडवत नाही (साखरेचा पाक), ते सगळं तिथे एकाच मैदानात मांडलेलं असतं. मधे आमचा काचेचा खोका.

न्यायच्या त्या सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्या. पेटीतून राणीसकट पोळ्याची एक लाकडी चौकट उचलायची. पोळं जुनं, काळपट, अंडी-अळ्यांनी भरलेलं हवं. मधाने लगडलेलं पांढरं पोळं फार देखणं दिसतं, पण उन्हात नवं मेण मऊ पडतं, पोळं घसरतं आणि माश्या लोकांदेखत स्वतःच्याच मधात बुडतात. जुन्या पोळ्याच्या वरच्या कडेला थोडा मध असतो, तो त्यांचा जेवणाचा डबा. पोळं आणि काच यांत दोन्हीकडे ७-८ मिलिमीटर जागा ठेवायची. जास्त सोडली तर माश्या तिथे वाढीव बांधकाम काढतात, कमी सोडली तर चेंगरतात. वर-खाली जाळी, काचेवर ओलं गोणपाट. ते लोकांपुरतं उचलायचं.

दार जाळीने बंदच. उघडं राहिलं की एखादीला जिलेबीचा पाक सापडतो आणि ती परत येऊन, नाचून, बाकीच्यांना दिशा आणि अंतर दोन्ही सांगते. मग जिलेबीवाला आम्हाला शोधत येतो. त्याला कुणी नाचून सांगावं लागत नाही. पण दार बंद म्हणजे बाहेरून येणारी कुणी नाही, म्हणजे नाचही नाही. ‘नाचतात म्हणे, मग आत्ता का नाही?’ याला मला आजवर धड उत्तर जमलेलं नाही.

सगळ्यांना राणी बघायची असते. ओळखू यावी म्हणून तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देतात. जन्मसाल ५ किंवा ० ने संपलं तर निळा, १ किंवा ६ ने संपलं तर पांढरा. काच दोन बाजूंना असते आणि राणी बहुधा पलीकडच्या. ‘आजोबा, ती लांबट, ठिपकेवाली.’ ‘हीच होय? मला वाटलं, बसलेली असेल.’

प्रसादाचं केळं सोललेलं काचेजवळ आणू देऊ नये. डंख मारणाऱ्या माशीचा इशाऱ्याचा वास पिकल्या केळ्यासारखाच असतो; जाळीतून तो आत गेला की गुणगुण चढते. माशीचा काटा लागलाच तर नखाने काढावा की चिमटीने, यावर जमलेली मंडळी चर्चा करतात. तोवर विष आत जात राहतं. कसाही काढा, पण लगेच.

मुंग्यांसाठी वेगळं टेबल. काळे डोंगळे, काचेमागे प्लास्टरचं चपटं वारूळ, वर लाल जिलेटिन कागद. लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही, त्यामुळे त्या अंधार समजून निवांत असतात. ढोल थरथरला की कोष उचलून पळतात, आणि लोक ओरडतात, ‘अंडी नेली, अंडी!’ खोक्याच्या काठाला व्हॅसलीन नको, चैत्रात ते ओघळतं. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावायची, वाळली की डोंगळ्याचा पाय ठरत नाही. टेबलांचे पाय पाण्याच्या वाट्यांत. घरी साखरेचा डबा परातीत ठेवतात तसंच, फक्त इथे आमच्या मुंग्यांना बाहेर जाऊ द्यायचं नसतं आणि गावच्या मुंग्यांना माश्यांपर्यंत येऊ द्यायचं नसतं. वाटीवर एखादं वाळलं पान पडलं की पूल तयार.

राणी त्याच रात्री मूळ पेटीत परत गेली पाहिजे. उशीर झाला तर घरच्या माश्या ती गेलीच असं धरून नवी राणी वाढवायला घेतात. म्हणून सामान घाईत आवरायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या मावशी स्टीलचा डबा घेऊन येतात. ‘काय रे बाबा, मध कसा दिला?’

आमच्याकडे माश्यांचा डबा तेवढा असतो, तोही एव्हाना निम्मा संपलेला.