अकरा महिन्यांचा संसार

भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच का, हे पुण्यात कुणालाही विचारा. 'तसाच असतो!' असं उत्तर मिळतं, तेही आपल्या बुद्धीची कीव करत. मूळ भानगड १९०८ च्या नोंदणी कायद्यातली. वर्षाहून जास्त मुदतीच्या किंवा वर्षावर्षाने चालणाऱ्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून कुणा हुशार माणसाने बारावा महिना कापून टाकला.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ही हुशारी निकालात काढली. कलम ५५ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर वापरायच्या परवानगीचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग महिने कितीही असोत. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे मला तोंडपाठ होतं. पण समोर खुद्द घरमालक काका आणि त्यांच्या हातात किल्ली. त्यामुळे बाहेर पडलं ते एवढंच, "काका, रजिस्ट्रेशन करायचं ना?"

"कशाला? नोटरी करू. अकरा महिन्यांचा तर आहे!"

मी एजंटकडे पाहिलं. दोन्हीकडून ब्रोकरेज घेणारा माणूस, पण त्या दिवशी देवासारखा बोलला. "काका, करार नोंदवला नाही आणि उद्या हे म्हणाले, भाडं चारच हजार ठरलं होतं, तर यांचंच खरं धरतात. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसायचं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चार हजार म्हणून मोकळा झालोय. नोंदणी लगेच मंजूर झाली. तेच कलम मी काढलं असतं तर भांडखोर ठरलो असतो.

एजंटने लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घरीच आणलं. माझा अंगठा चटकन लागला. काकांचा काही केल्या लागेना. पुसून झाला, केसांवरून फिरवून झाला, काकूंनी "जन्मभर इकडची काडी तिकडे केली नाही, तरी रेषा गेल्या कशा?" असंही विचारून घेतलं. शेवटी मधलं बोट चाललं. पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी मात्र माझ्याकडे आली. जबाबदारी कायद्याने त्यांची, खर्च रिवाजाने माझा.

किल्ली देताना काका थबकले. "मघाशी रजिस्ट्रेशनचं तुम्हीच काढलंत. वकील नाही ना? वकिलांना आम्ही जागा देत नाही."

"छे हो, काका! मला कायद्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो आणि किल्ली घेतली.