लेकरांचं ग्राउंड उघडा, आणि आधी उघडा

पोस्ट लांबलचक झालीय, पण ज्यांच्या घरात बारा वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती.

२०२१ चा ऑगस्ट संपत आला. २ तारखेला कोरोनाच्या निर्बंधांबद्दल राज्य सरकारचा आदेश आला, सार्वजनिक गार्डन आणि मैदानं उघडी ठेवता येतील, कशासाठी तर व्यायाम, वॉकिंग, जॉगिंग आणि सायकलिंग. आपल्या मराठवाड्यात बीड सोडून सगळ्या जिल्ह्यांना त्या आदेशात सूट मिळाली. मग १५ ऑगस्टपासून हॉटेलं निम्म्या क्षमतेनं रात्री दहापर्यंत, दोन डोस झालेल्यांसाठी मॉल, बंद हॉलमधल्या लग्नाला शंभर माणसं. हे सगळं उघडलं त्याला माझा विरोध नाही, लोकांची पोटं आहेत त्यावर, दीड वर्ष दुकान बंद ठेवून कुणाच्या घरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण या सगळ्या यादीत लेकरांनी खेळायचं कुठं, याचं नावच नाही.

लातुरात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये छोटं गार्डन आहे. सकाळी साडेपाचलाच तिथं वॉकिंगवाले येतात, चांगली गोष्ट आहे, आमच्या सासूबाई पण जातात आणि त्यांची शुगर त्यामुळंच ताब्यात आलीय. पण त्याच गार्डनच्या कोपऱ्यात लेकरांचे दोन झोके आहेत, त्यांच्या साखळ्या वरच्या पाइपाला गुंडाळून बाइंडिंग तारेनं करकचून बांधून टाकल्यात. घसरगुंडीच्या शिडीवर कुणीतरी बाभळीच्या काट्या आणून रचल्यात, अन् या पावसाळ्यात खाली गाजर गवत कमरेइतकं वाढलंय. माझी मुलगी सात वर्षांची आहे, ती आजीसोबत जाते, बाहेरच्या कट्ट्यावर बसते आणि आजीच्या चकरा मोजते. एखादं लेकरू त्या कोपऱ्याकडं पळालं की वॉचमन मामा शिट्टी वाजवतात. मामांचा काही दोष नाही, त्यांना सांगितलंय म्हणून ते करायलेत. ज्यांच्याकडं विचारायला गेलं ते म्हणतात वरून ऑर्डर नाही.

भीती मला पण कळते. मार्च-एप्रिल मराठवाड्यात जे गेलं ते कोण विसरंल, नांदेडला, बीडला लॉकडाऊन लागलं, लातुरात बेडसाठी रात्र-रात्र फोन लावलेत लोकांनी, आमच्या गल्लीतच दोन घरं अशी आहेत की तिकडं बघवत नाही. म्हणून कुणी म्हणालं की बाई लेकराला बाहेर काढू नको, तर मी त्यांच्याशी भांडत नाही. फक्त एवढंच म्हणते की भीती खरी असली तरी ती योग्य जागेची पाहिजे.

हे झोके कुठल्या भीतीनं बांधले गेले ते आठवा. मार्च २०२० मध्ये एक अभ्यास आला होता, प्लास्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडतो म्हणून. प्रयोगशाळेतली गोष्ट होती ती, पण तेव्हा कुणालाच दुसरं काही माहीत नव्हतं, आपण भाजी मिठाच्या पाण्यात धुवायचो, नोटा उन्हात टाकायचो. जून २०२० ला राज्यानं फिरायला मैदानं उघडली तेव्हाही झोके, बार, ओपन जिमचं साहित्य वापरायचं नाही असं स्पष्ट सांगितलं होतं आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. पण आता माहिती पुढं गेलीय ना. यंदाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं की दूषित वस्तूला एकदा हात लागला तर त्यातून संसर्ग व्हायची शक्यता साधारण दहा हजारात एकापेक्षा कमी. डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) पण ३० एप्रिलला मान्य केलं की हवा न खेळणाऱ्या, गर्दीच्या, बंद जागेत हा जास्त पसरतो. म्हणजे धोका बंद खोलीत आहे, एसीच्या हॉलमध्ये आहे. उघड्या आभाळाखाली, मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या लोखंडी घसरगुंडीवर तो सगळ्यात कमी आहे. अन् आपण उघडलं काय, तर हॉल. बंद ठेवलं काय, तर घसरगुंडी.

इंग्लंडनं जुलै २०२० मध्येच लेकरांची प्लेग्राउंड उघडली. स्पेननं तर त्याच्याही आधी, २६ एप्रिल २०२० ला, एवढा मृत्यूचा कहर चालू असताना चौदा वर्षांखालच्या लेकरांना रोज तासभर बाहेर न्यायची परवानगी दिली, कारण सहा आठवडे घरात कोंडलेल्या लेकरांचं काय होतंय ते त्यांना दिसलं. आपल्याकडं सहा आठवडे नाही, दीड वर्ष झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आयसीएमआरचा (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा) चौथा सिरो सर्वे, म्हणजे रक्त तपासून कुणाला कोरोना होऊन गेलाय ते बघणारी पाहणी, जून-जुलैमध्ये झाला, देशातल्या ७० जिल्ह्यांत, त्यात आपले बीड, परभणी आणि नांदेड पण होते. देशभराचा आकडा असा आला की ६ ते ९ वयाच्या लेकरांपैकी ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयाच्यांपैकी ६१.६ टक्के लेकरांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. या वयाच्या लेकरांना तर लस मिळालेलीच नाही. म्हणजे शाळा बंद, ग्राउंड बंद, झोके बांधलेले, तरी निम्म्याहून जास्त लेकरांना होऊन गेला, आणि बहुतेकांच्या घरी कळलंसुद्धा नाही. कुठून झाला असंल? घरातून झाला, बाजारातून आलेल्या आपल्यासारख्या मोठ्यांकडून झाला. मग ग्राउंड बंद ठेवून आपण त्यांना नेमकं कशापासून वाचवलं, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

तिसरी लाट लहान लेकरांवर येणार हे व्हॉट्सॲपवर इतकं फिरलं की लोकांना ते पक्कंच वाटतंय. एम्सचे डायरेक्टर डॉ. गुलेरिया मे महिन्यातच म्हणाले होते की लेकरांना जास्त धोका होईल असं दाखवणारा काही पुरावा नाही. ते कुणी फॉरवर्ड केलं नाही. आणि लस येईपर्यंत थांबा म्हणणाऱ्यांनी हे बघा, २० ऑगस्टला झायकोव्ह-डी या लसीला परवानगी मिळाली ती बारा वर्षांच्या वरच्यांसाठी. सात वर्षांच्या पोरीनं किती दिवस कट्ट्यावर बसायचं?

आपल्या लातूरची अजून एक वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडं लेकरू आठवी-नववीला गेलं की खेळणं तसंही सुटतं, क्लास, टेस्ट सिरीज, नीट, जेईई, कोरोनाच्या आधी उद्योग भवनाकडं संध्याकाळी उभं राहून बघितलं असंल तर पाठीवर सॅक घेतलेल्या लेकरांच्या झुंडी आठवत असतील. त्याला मी नावं ठेवत नाही, शेतकऱ्याचं पोरगं डॉक्टर होतं ते त्याच रस्त्यावरनं जाऊन. पण मग मनसोक्त खेळायला मिळतात ती मोजून सात-आठ वर्षं, अन् त्यातलं दीड वर्ष गेलं. ते पुढं कुठं भरून निघणार, सांगा. डब्ल्यूएचओ म्हणतंय ५ ते १७ वयाच्या लेकरांना रोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल अशी हालचाल पाहिजे, आणि आपल्या लेकराची दिवसभराची हालचाल म्हणजे ऑनलाईन क्लासच्या मोबाईलपासून चार्जरपर्यंत.

आणि पोरींचं वेगळंच आहे, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ग्राउंड बंद झालं म्हणून पोरांचं क्रिकेट काही थांबलं नाही, त्यांनी रिकामा प्लॉट शोधला, नाहीतर रस्त्यावर दगडं मांडून स्टम्प केले, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, गाड्यांच्या मधनं खेळायलेत, तिथं एखाद्याला टेम्पोनं उडवलं तर जबाबदार कोण हा प्रश्न आहेच. पण पोरींना प्लॉटवर कोण पाठवतं? त्यांना गार्डन हीच एक जागा होती, आई-आजीच्या नजरेसमोर, लंगडी, लपाछपी, झोका. ती बंद झाली आणि दहा-अकरा वर्षांच्या पोरी घरात आल्या त्या सरळ भांड्यांवर आणि भाकरीच्या पिठावर. आमच्या शेजारची पाचवीतली पोरगी आता धाकट्या भावाला दिवसभर सांभाळते, तिला मी दीड वर्षात एकदाही पळताना बघितलं नाही.

काळजी घेऊन उघडायचं म्हणजे अवघड काही नाही. संध्याकाळचे दोन तास फक्त लेकरांचे ठेवा, वयाप्रमाणं बॅचेस करा, ज्याला सर्दी-ताप आहे ते घरी, गेटवर पाण्याची टाकी आणि साबण. गर्दी कमी करायची असंल तर ती मोठ्यांची करा, एका लेकरासोबत एकच माणूस, आणि आपण आया-बापांनी मास्क खाली ओढून बाकड्यावर घोळका करून बसायचं नाही, कारण खरा धोका त्या घोळक्यात आहे. पाच वर्षांच्या आतल्यांना मास्कची सक्ती नको, हे डब्ल्यूएचओच सांगतंय. फवारणीचा खर्च पण वाचवा, त्या पैशात गवत काढा आणि झोक्याला ग्रीस लावा. रुग्ण वाढले तर पुन्हा बंद करू, पण मग बंद करायची सुरुवात हॉल आणि हॉटेलपासून करायची, झोका सगळ्यात शेवटी.

पोळा आठवड्यावर आलाय, मग गणपती, महालक्ष्म्या. गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नसंल आणि त्या गर्दीत लेकरांना हाताला धरून नेतील सगळे. त्याच्या आत हे व्हायला पाहिजे.

आम्ही कॉलनीतल्या काही जणींनी निवेदन लिहिलंय. झोके आणि घसरगुंडी मोकळी करा, संध्याकाळी ५ ते ७ लेकरांसाठी राखीव ठेवा, एवढ्या दोनच मागण्या आहेत. सोमवारी ते द्यायला जाणार आहोत. जवळ राहणाऱ्यांनी सह्या करायला आमच्याकडं या. आणि रविवारी सकाळी सात वाजता मामांना सांगूनच गाजर गवत काढायचं ठरवलंय, खुरपं आणि हातमोजे ज्याचे त्यानं आणायचे, चहा माझ्याकडं. दुसऱ्या गावात असाल तर तुमच्याकडचे झोके मोकळे आहेत की बांधलेले, ते कमेंटमध्ये फोटोसहित टाका, निवेदनाला जोडते.