केवढ्याला बसली? इचलकरंजीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया येऊन बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायच्या आधी मला एक काम उरकायचं होतं. ते काल झालं.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या इलेक्ट्रिक बीएमडब्ल्यूची किंमत विचारणाऱ्यांना काय सांगावं, यावर मी लिहिलं होतं. "गाडी फर्मची आहे", "हप्ते चालू आहेत अजून", "नेटवर आहे की किंमत" अशी अडचणीतून सुटायची चार-पाच वाक्यं त्यात दिली होती. त्यावर तुम्ही लिहिलंत की आपल्याकडे म्हैस घेतली, जमीन घेतली, पोरीचं लग्न केलं, तरी माणूस केवढ्याला म्हणून विचारतोच. ती आपुलकी आहे आणि तिला टोलवणं हा माज आहे. दुसरं, या गाड्यांवरचा कर सरकारनं सोडलाय, म्हणजे आमचाही पैसा त्यात आहे, आम्ही विचारणारच. आणि शेवटी एकच ओळ: "तुमच्या कामगारानं विचारलं तर त्याला यातलं कुठलं वाक्य फेकता?"

ती शेवटची ओळ वाचून मी फोन उलटा ठेवला. कामगारानं खरंच विचारलं होतं.

आधी करांचं बोलू, कारण तिथं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि आकडे माझ्या कपाटातल्या फाइलमध्येच आहेत. गाडी आयएक्स१, चेन्नईच्या कारखान्यात तयार झालेली. २०२५ च्या पाडव्याला घेतली. एक्स-शोरूम ४९ लाख. इन्शुरन्स आणि बाकीचं धरून रस्त्यावर यायला साधारण ५१. त्या ४९ लाखांत जीएसटी फक्त ५ टक्के, म्हणजे सव्वादोन लाखांच्या थोडा वर. पेट्रोलच्या गाडीला तेव्हा २८ टक्के होता आणि वर सेस. सेस सोडूनच द्या, त्याच मूळ किमतीवर नुसते २८ टक्के धरले तरी १३ लाख होतात. शिवाय आपल्या राज्यात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स लागतो, फर्मच्या नावावर घेतली तर त्याहून जास्त. मला तो शून्य लागला. सगळं मिळून किमान १७ लाख रुपये सरकारनं माझ्याकडून घेतले नाहीत.

आता दुसरी बाजू बघा. त्याच पाडव्याला आमच्या मशीन शॉपमधल्या (म्हणजे मशिनवर सुटे भाग बनवायच्या आमच्या कारखान्यातल्या) एखाद्या ऑपरेटरनं साधी पेट्रोलची मोटारसायकल घेतली असती, तर तिच्यावर २८ टक्के जीएसटी होता. माझ्या गाडीवर ५ आणि त्याच्या गाडीवर २८. तो दर १८ टक्क्यांवर यायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. इलेक्ट्रिक गाड्या वाढायला हव्यात, त्यासाठी सवलत हवी, हे मी आजही मनापासून म्हणते. इलेक्ट्रिक स्कूटरलाही तोच ५ टक्क्यांचा दर आहे आणि तो योग्यच आहे. पण ५० लाखांची गाडी घेणाऱ्याला रोड टॅक्समधून पूर्ण सोडायची गरज नव्हती. मार्च २०२५ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला. माझ्या हिशेबानं २ लाख ९४ हजार झाले असते. ते मी भरले असते, गाडी घ्यायची थांबले नसते. म्हणून तुमचा विचारण्याचा हक्क मला मान्य आहे, आणि यापुढं कुणी कर किती वाचला म्हणून विचारलं तर तोही आकडा सांगणार. (टोल मात्र पुण्याला जाताना किणीला आणि तासवड्याला सगळ्यांसारखाच भरतो. माफी अटल सेतू, एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर आहे.)

आता माजाचं. इथं मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

पेट्रोलच्या गाडीला पंपावर पाच मिनिटं लागतात. आमची हायवेच्या चार्जरला लावली की अर्धा-पाऊण तास तिथंच उभं राहावं लागतं. हिरवी नंबरप्लेट, गाडीला जोडलेली जाड केबल आणि बाजूला चहाचा कप घेऊन उभी असलेली बाई. माणसं येतातच. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला बसली?" मी हात राखून काही बोलले की दुसरा येतो, "साहेबांची का?" कराडच्या अलीकडं एकदा एका गृहस्थांनी माझ्याशी बोलता बोलता मागे वळून माझ्या भावाला विचारलं, "काय मायलेज देते हो?" माझा भाऊ गाडी चालवत नाही. शॉप मी चालवते, गाडीच्या कर्जावर सही माझी आहे. वडील गेल्यावर तीन मशिनांची सात मशिनं केली, तीही मीच. त्यामुळं किमतीचा प्रश्न आला की माझं अंग आधीच आखडतं, कारण त्याच्यामागून काय येणार हे ठाऊक असतं. याला माज म्हणू नका. आईला लग्नात चार बायका घेरून विचारतात आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मुलाच्या फीसाठी फोन येतो, तेव्हा आईनं "मला नाही बाई ठाऊक" म्हटलं तर तेही मला चूक वाटत नाही.

पण चार्जरपाशी एक गोष्ट मी शिकले, ती मागच्या लेखात लिहायची राहिली. तासगावकडचा एक द्राक्षवाला मुलगा होता, पंचविशीतला. त्याला मी सरळ आकडा सांगितला, कारण त्या दिवशी वाक्यं फेकायचा कंटाळा आला होता. ४९ ऐकून तो "बापरे" म्हणाला, आणि मग खरे प्रश्न सुरू झाले. बॅटरी केवढी? ६६ युनिटची. एका युनिटला किती जाते? मला साधारण सहा किलोमीटर मिळतात. घरी चार्ज करता का? बॅटरी गेली तर? आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. त्याला बारा-चौदा लाखांतली इलेक्ट्रिक गाडी घ्यायची होती आणि घरचे नको म्हणत होते. फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्यानं तिथंच महिन्याचा पेट्रोलचा खर्च मांडला. आकडा मिळाला नसता तर तो गाडीभोवती एक चक्कर मारून निघून गेला असता. त्या दिवशी "साहेबांची का" हा प्रश्न आलाच नाही.

आता तुमची ती ओळ.

गेल्या खंडेनवमीला शॉपमध्ये पूजा होती. मशिनं धुऊन-पुसून, हळदी-कुंकू, झेंडूचे हार. सगळ्यांच्या घरची माणसं येतात, पोरं मशिनांमधून पळत असतात. बाहेर माझी गाडी आणि तिच्या शेजारी आमच्या सेटरची (कामाआधी मशिन जुळवून देणाऱ्या कारागिराची) नवी मोटारसायकल, दोन्हींना सारखेच हार. हा सेटर वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं आहे. चौदा वर्षं झाली. त्यानं पेढा दिला आणि मी न विचारताच त्यानं सांगितलं, "ताई, एक लाख चार हजार ऑन रोड. तीस रोख भरले, बाकी हप्ता. जीएसटीमुळं सात-एक हजार वाचले." पावती खिशातच होती, तीही दाखवली. घडी घालून घालून तिच्या मधल्या रेघेवरची शाई पुसट झाली होती. मग माझ्या गाडीच्या बॉनेटवरचा हार नीट करत त्यानं विचारलं, "ही केवढ्याला बसली ओ?" त्याची बायको बाजूला उभी होती, मुलगी कडेवर.

मी म्हणाले, "फर्मच्या नावावर आहे रे. हप्त्यावर."

दोन्ही खरं होतं. तो "बरं बरं" म्हणाला आणि आत गेला.

पुढच्याच आठवड्यात बोनसची बोलणी झाली. शॉपमधल्या मुलांनी पगाराच्या १२ टक्के मागितले. मी कायद्यानं ठरलेले किमान ८.३३ देऊ केले आणि यंदा काम कमी आहे असं सांगितलं. तेही खरंच होतं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि आमच्या एका एक्स्पोर्टवाल्या ग्राहकाची कामं थांबली. दोन मशिनं सप्टेंबरभर एकाच शिफ्टमध्ये चालली. गाडी मार्चमध्ये घेतली होती, तेव्हा ऑर्डरी भरलेल्या होत्या. पण हे त्या माणसाला कसं कळावं? त्याच्या समोर दारात एक गाडी होती जिची किंमत मी सांगितली नव्हती, आणि एक मंदी होती जिचा कागद मी दाखवला नव्हता. तुमची ओळ वाचेपर्यंत या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या. बोनसच्या वेळी तो गप्प बसला होता, आणि मला वाटलं होतं की त्याला पटलं.

काल दुसऱ्या शिफ्टच्या आधी तो व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) सुटा भाग पकडायचं फिक्श्चर लावत होता. मी जाऊन सांगितलं, खंडेनवमीला विचारलं होतंस ना, ४९ लाख, रस्त्यावर ५१. पैकी ३५ लाख कर्ज.

त्यानं पाना बाजूला ठेवला. "हप्ता केवढा?"

"७२ हजार सहाशे."

थोडा वेळ तो मशिनच्या टेबलाकडं बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे दीड महिन्याला माझी एक गाडी."

मी "हो" म्हणाले. यावर काय बोलायचं याचं वाक्य माझ्याकडं नाही आणि मी ते शोधणारही नाही. चिडलेला वाटला नाही, आनंदीही नाही. त्यानं हिशेब केला, एवढंच.

मग बोनसचं त्यानंच काढलं. "मंदी होती म्हणालात ते?" मी मोबाइलवर दोन ईमेल दाखवले, ऑर्डर थांबवल्याचे. इंग्रजीतले होते, मी वाचून सांगितले. तारखा त्यानं स्वतः बघितल्या, २८ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर. म्हणाला, "हे तवाच दाखवायचं होतं ताई. पोरांना वाटलं गाडीच्या हप्त्यासाठी आमचा बोनस कापला."

सहा महिने हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

यंदाच्या बोनसच्या बोलणीला ऑर्डरबुक टेबलावर ठेवणार असं मी त्याला सांगितलं आहे. काम वाढलेलं दिसलं तर १२ मागणार म्हणाला. मागू दे. ती चार-पाच वाक्यं आज सकाळी मी मागच्या लेखातून काढली आणि तिथं तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी लावली. त्यात बदल हवा असेल तर कळवा.